गल्लीआबांचं गाव

मोकळ्या रानात गल्लीआबा कधी सरळ चालले नाहीत. समोर भिंत नाही, झाड नाही, गुडघाभर कुसळी गवत तेवढं. पण हा माणूस दहा पावलं जाऊन डावीकडे वळणार, पुढे उजवीकडे, मग उंबरा ओलांडावा तसा पाय उचलणार. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटलं होतं.

वडवणीच्या अलीकडे आमचं शेत. त्याला लागूनच त्यांचं जुनं गाव होतं. रझाकारीच्या धामधुमीत ते पेटलं, माणसं वाट फुटेल तिकडे पांगली आणि तिथे पुन्हा कोणी घर बांधलं नाही. आबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. पुढे ते आमच्या गावात, आमच्या शेजारीच राहिले. पण रोज दुपारी एक चक्कर जुन्या गावात. पांढरी माती, शेंदूर लावलेला मारुती आणि जोत्याचे चार दगड, एवढंच तिथे उरलेलं. गल्ल्या मात्र आबांना तोंडपाठ. म्हणून ते गल्लीआबा.

मी तेव्हा नवी सून. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथून सरळ निघाले, तर मागून हाक आली, "सूनबाई, लोकाच्या घरातून कावून चाललीस? ती सुताराची भिंत हाय. आन् आता त्येच्या चुलीवर पाय दिलास!" मी दचकून खाली पाहिलं. पायाखाली नुसते सराटे. हसू दाबत मी भाऱ्यासकट वळसा घातला. खोटं कशाला बोलू, घरी जाऊन मी त्यांची मनसोक्त नक्कलही केली.

एका जागी ते हटकून खाकरायचे. तिथे आमिनाबीचं घर होतं. "दारात बायामानसं बसलेली असत्यात. वर्दी द्यावी लागती." आग लागली तेव्हा याच आमिनाबीने त्यांना पाठीवर घेऊन ओढ्यापलीकडे पोचवलं होतं. ती पुढे कुठे गेली, ते आबांना कधीच कळलं नाही.

पोळ्याला आबा आपला सर्जा याच गल्ल्यांतून मारुतीला न्यायचे. सर्जा पुढे पुढे कासरा न ओढताच वळायला लागला. हसणाऱ्या पोरांना आबा म्हणायचे, "बैलाला कळतंय, तुमाला कळंना बे!"

एकदा बांधावर भाकरी खाताना ते म्हणाले, "गाव जळाल्याचं आता लई वाटत न्हाई. मी गेल्यावर लोकं हितून सरळ चालतील, त्याचं वाटतंय." मी त्यांच्या भाकरीवर आणखी ठेचा घातला. त्या दिवसापासून भारा कितीही जड असो, मी वळसाच घातला, आणि खरं सांगते, मला त्या वळणांची गोडी लागली.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. जुन्या गावापलीकडच्या मसणवट्यातच न्या, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आम्ही बाया बांधावर थांबलो. ऊन मी म्हणत होतं आणि खांद्याला तीच, एकेकाळी आबांना हसणारी पोरं. जुन्या गावाच्या कडेला पोचली, तशी मी कपाळावर हात आडवा धरून बघायला लागले. एक पाहुणा म्हणालाही, "सरळ चला की, ऊन किती हाय!"

माझा नवरा पुढच्या खांद्याला होता. "तिथं सुताराची भिंत हाय," तो म्हणाला आणि डावीकडे वळला. त्याच्यामागे सगळेच वळले. पाहुणासुद्धा. आमिनाबीच्या दाराशी तिरडी जरा थांबली. मग पोरांतलं कोणीतरी मोठ्याने खाकरलं.