विचारल्याशिवाय सांगायचं नाही

माझी आत्या भुयारी रेल्वेच्या तिकीट खिडकीत एकतीस वर्षं बसली. तिथल्या दरांनी भल्याभल्यांचं डोकं फिरायचं. सकाळी नवाच्या आधी एक दर, नंतर दुसरा. खिडकीत एक, शेजारच्या मशीनवर भलताच. आणि कहर म्हणजे, शेवटच्या स्टेशनाचं सरळ तिकीट महाग. पण मध्ये पुलाजवळ उतरून, बाहेर येऊन नवं तिकीट काढलं, की तोच प्रवास जवळजवळ निम्म्यात! कुठल्या दीडशहाण्यानं हे ठरवलं, देव जाणे. आत्याला सगळं तोंडपाठ होतं. पण साहेबांचा हुकूम होता: कुणी विचारल्याशिवाय स्वस्तातला मार्ग सांगायचा नाही.

एक म्हातारे सुतार आठवड्यातून तीनदा यायचे, कानावर पेन्सिल अडकवलेली. "शेवटचं स्टेशन, परतीचं." बस्स, एवढंच. एकदा आत्यानंच चौकशी केली, तेव्हा कळलं, बायको तिकडच्या हॉस्पिटलात आहे.

"रोज या म्हणते हो ती. पण रोज कुठलं परवडायला!" ते म्हणाले आणि निघाले.

आत्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढच्या खेपेला तिनं तिकीट हातातच धरून ठेवलं.

"काका, मला विचारा, याहून स्वस्त आहे का?"

"कशाला? तुम्ही काय जास्त घेणार आहात?"

"अहो, विचारा म्हणते ना!"

"नको बाई, मागे रांग आहे."

इतका भिडस्त माणूस! आत्याचा पारा चढला. शेवटी रांगेतली एक बाई ओरडली, "अहो काका, विचारून टाका की एकदाचं!" सुतारांनी चाचरत विचारलं. आत्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

तेव्हापासून ते रोज जाऊ लागले. पुलाजवळ उतरायचं, बासष्ट पायऱ्या चढायच्या, तिकीट काढून पुन्हा खाली. येताना तेच. गुडघे बोलायचे, पण दोन महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

मग एका सकाळी म्हणाले, "शेवटचं स्टेशन. जायचं एक, यायची दोन. सरळ द्या."

साहेब मागेच उभे होते. तरी आत्या बोललीच, "काका, सरळ महाग पडतं, विसरलात का?"

"विसरेन कसा? पण आज तिला घरी आणतोय. तिला पायऱ्या झेपायच्या नाहीत."

आत्यानं तिन्ही तिकिटं सरकवली, खिडकीला 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावली आणि आत जाऊन रडली. रांगेत कुणी कुरकुर केली नाही.