पांढरे मोजे

आगाशीच्या बाजारात, देवळाकडच्या वळणावर, एक बाई सुती मोजे विकायला बसते. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की मोज्यात हात घालून बोटं पसरते, सूत किती पातळ आहे ते दाखवते. नजर मात्र गिऱ्हाइकाच्या पायांवर असते तिची.

मला मधुमेह आहे, तळपाय पार बधिर झालेत. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यातही मोजे घालायचे. तिला हे सगळं सांगून म्हटलं, "काळे दे गं, मळ दिसत नाही."

"पांढरेच न्या, मावशी."

"आणि धुवायला तू येणार का?"

ती हसली नाही. "आमच्या ह्यांचे काळेच होते. खिळा रुतला, त्यांना कळलं नाही. मोज्यावरचं रक्त मला दिसलं नाही. वास आला तेव्हा उशीर झालेला. पाय कापला, तरी गेलेच."

पांढरेच आणले. रोज संध्याकाळी ओटीवर बसून काढते आणि उजेडात उलटेपालटे करून बघते.

काल टाचेकडे तांदळाएवढा लाल डाग दिसला. मोजा मुठीत धरून मी सुनेला हाक मारली.

दुखत मात्र काहीच नव्हतं.