अबूबकरने बांधलेली माशी

कतारात नदी नाही, ट्राउट मासा तर औषधालाही सापडायचा नाही. आणि त्या माशाला फसवणारी माशी बांधावी कुणी, तर रत्नागिरीच्या अबूबकरने! एकतीस वर्षं तो दोह्यात बिश्त शिवतोय, म्हणजे अरबांचा जरीकाठाचा झगा. असा हात अख्ख्या बाजारात नाही, लावा पैज. पण साठी जवळ आली तसा मालक म्हणाला, "नजर गेली तुझी. पुढच्या महिन्यापासून जरी सोड, बटणं लाव."

अशात उसामा आला. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी स्लोव्हेनियातल्या नद्यांवर मासे पकडायला जाणारा. त्याने तांदळाएवढा गळ आणि मेफ्लायचा फोटो पुढे ठेवला. हा किडा पाण्यावर एखादा दिवस जगतो. गळावर रेशीम आणि पिसं बांधून त्याची हुबेहूब नक्कल करायची.

"जमेल?"

"न जमायला काय झालं?" अबूबकर मालकाकडे बघत म्हणाला.

पठ्ठ्याने बारा माश्या बांधल्या. शेपटीला पिसाचे तीन तंतू, वर राखाडी पंख. "या अल्ला, उडतील आता!" त्याची बायको कनीज म्हणाली.

उसामा दुकानात गळाच्या भोकात मासेमारीचा दोरा ओवायला गेला. जाईना. दुसरीत जाईना, तिसरीतही नाही. बिश्तवाल्याची जन्माची सवय, गाठ अगदी काठाला नेऊन लपवायची. अबूबकरने बाराही भोकं बुजवली होती!

"बघ, नजर," मालक म्हणाला.

"नजर नाही शेठ, सवय!" अबूबकर लाल झाला.

उसामाचं विमान शुक्रवारी होतं. दोन दिवस दुपारची झोप सोडून अबूबकरने सगळ्या माश्या उसवल्या, नव्याने बांधल्या. हात काठाकडे धावायचा, तो मागे ओढायचा. एकतीस वर्षांची सवय मोडणं काय खायचं काम आहे? पण मोडली. प्रत्येक भोकात त्याने स्वतः दोरा ओवून पाहिला.

आठवड्याने उसामाने पकडलेल्या ट्राउटचा फोटो आला. दुकानातले सगळे माशाच्या ठिपक्यांवर खूश. अबूबकरने मात्र फोटो माशाच्या ओठात अडकलेली माशी दिसेपर्यंत मोठा केला आणि फोन मालकापुढे धरला.

"भोकातून दोरा गेलेला दिसतोय?"

मालकाने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "नाही रे, मला काहीच दिसत नाही."

"मला दिसतोय," अबूबकर म्हणाला, आणि जरीचं रीळ ओढून कामाला बसला.