डिकीतला कलश

ही गेली त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावला नव्हता. आठ महिने लखनौच्या इस्पितळात खेटे घातले, नवस बोललो, मारुतीला शेंदूर वाहिला, तरी माझी बायको गेलीच. मग दिवा लावायचा कुणापुढे? मी निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ, मुळात श्रद्धेचा कच्चा. श्रद्धा तिची, मी आपला बाहेर तिच्या चपला सांभाळत उभा राहणारा. हे लिहितो आहे ते कुणाला काही पटवायला नव्हे. घडलं तसं सांगतो.

आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत, गावी झाडाला टांगतात. लखनौत आमच्या अलीगंज वस्तीत टांगल्या तर माकडं नेतील. म्हणून तिसऱ्या दिवशी लाल फडक्यात बांधलेला कलश मी आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीत ठेवला. मुलगी कॅनडाहून नवव्या दिवशी पोचली. दहाव्याला सकाळी प्रयागला न्यायला टॅक्सी दारात आली, आणि डिकी उघडेना. या गाड्यांत चाकं फिरवणारी मोठी बॅटरी असते, पण कुलपं नि दिवे चालतात ते एका छोट्या बॅटरीवर. ती मेली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी ढिम्म. छोटी बदला, असा इशारा गाडी चार महिने देत होती. ही म्हणायची, अहो, बघा ना एकदा. मी म्हणायचो, तू बरी हो, मग बघू.

किल्लीने पुढचं दार उघडलं, बॉनेटही उघडलं. डिकीला मात्र किल्लीचं भोकच नाही, आणि मागच्या सीटच्या मागे पत्रा. कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणाला. बॅटरीवाल्याचं दुकान बंद, आणि टॅक्सीवाला आपल्या बॅटरीला हात लावू देईना. घाबरली की मुलगी लहानपणापासून हिंदीत बोलते. रडत म्हणाली, "पापा, मम्मी अंदर बंद हैं. कुछ कीजिए."

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. उघडलीच नाही तर नेता येणार नाही. आठ महिने धरून ठेवली, तशी अजून एक दिवस राहील. मग स्वतःची इतकी किळस आली, की मी फाटकाबाहेर चालत सुटलो. मरावंसं वाटत होतं, दुसरं काही नाही.

जेठातला, म्हणजे ज्येष्ठातला, मंगळवार होता. लखनौत त्या दिवशी नाक्यानाक्यावर मारुतीच्या नावाने मांडव पडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-भाजी आणि सरबत मिळतं. आमच्या वळणावरच्या मांडवापाशी एक बाई आपली ई-रिक्षा लावून सरबत पीत होती. चाळिशीची असेल, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. माझ्या पायांकडे बघून तिने विचारलं, "बाबूजी, चप्पल कहाँ है?" मी खाली पाहिलं. तापल्या डांबरावर मी अनवाणी आलो होतो. दहा दिवसांत कुणाशी धड बोललो नव्हतो, त्या अनोळखी बाईला भर रस्त्यात सगळं सांगून टाकलं.

तिने पेला खाली ठेवला, मला मागे बसवलं आणि रिक्षा आमच्या दारात आणली. सीट वर केली. आत चार बॅटऱ्या होत्या. पान्याने त्यातली एक सोडवून तिने आमच्या बॉनेटपाशी आणली. आता तिची रिक्षा जागची हलणार नव्हती. आधी मेलेल्या बॅटरीच्या तारा सोडल्या, मग जोडायला मी तिच्याकडच्या वायर घेतल्या, पण त्या उलट्याच धरल्या. तिने माझं मनगट पकडलं. "लाल में लाल लगाइए. हम पकड़े हैं."

मुलीने बटण दाबलं. डिकी उघडली.

शेवटच्या आठवड्यात हिचे हात गार पडायचे. मी तासन्‌तास चोळत बसायचो, तरी ऊब येत नसे. जेठाच्या उन्हाने तो कलश मात्र ऊन होता. छातीशी धरून मी लहान मुलासारखा रडलो. बाईने हिचं नाव विचारलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि आपली बॅटरी परत बसवायला गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. नंतर शोधलं, पण अलीगंजात ई-रिक्षा काय थोड्या आहेत?

संगमावर नावेत कलशावरून माझी बोटं सुटेनात. मग ती बाई आठवली. तिने आपली चालती रिक्षा बंद केली होती, परक्या बाईच्या अस्थींसाठी, क्षणाचाही विचार न करता. मी कलश पाण्यात टेकवला तेव्हा तो अजून कोमट होता. हळूहळू गार झाला. मग सोडला.

तेरावं झाल्यावर नवी छोटी बॅटरी मी घरीच बसवली. काढताना काळी तार आधी, लावताना लाल आधी. बटण दाबताच डिकी उघडली. आत काही नव्हतं. मी ती बराच वेळ तशीच उघडी ठेवली. संध्याकाळी हात धुऊन देवापुढे दिवा लावला. या वेळी काही मागितलं नाही.