आधीच मानलेले आभार

आमच्या कॉलनीत कुणी आजारी पडलं तर बघायला कोण येईल याची खात्री नाही, पण सत्कार म्हटलं की मांडव कमी पडतो. साहेब बदलून आले, सत्कार. साहेब बदलून गेले, सत्कार. शाल, नारळ, फेटा, भाषणं आणि शेवटी पोहे. माणसं हौशी असतात, असू देत. पण मला आता शालीचं नुसतं पाकीट दिसलं तरी डोक्यात तिडीक जाते, आणि त्याला कारण आक्का.

आक्का माझ्या शेजारीण. बारामतीहून माळेगावकडं जाताना उसाचं एक रान मोडून आमची कॉलनी झाली. रानाच्या खालच्या अंगाला पूर्वी चर होता, सगळ्या रानाचं पाणी त्यात उतरायचं. प्लॉट पाडणाऱ्यानं त्यात मुरूम टाकला, वरून रोलर फिरवला आणि तोही तुकडा विकून मोकळा झाला. तो आक्कांच्या मालकांनी घेतला. त्यांचं मूळ घर निरवांगीकडचं, सासऱ्यांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारं. मालक कारखान्यात वॉचमन होते. जन्मभर दुसऱ्याच्या रानात पाल ठोकलेल्या घराण्याला पहिल्यांदा स्वतःचा उंबरा मिळाला. आक्का तो उंबरा रोज हळदीकुंकवानं पुजायच्या. मालक वारले, एकुलती लेक भिगवणला दिलेली, तरी त्या एकट्या तिथंच राहिल्या.

कॉलनीचं उघडं गटार आक्कांच्या घराच्या वरच्या अंगाला येऊन संपत होतं. म्हणजे गटार संपत होतं, पाणी नाही. सकाळी वरच्या सगळ्या गल्ल्यांच्या आंघोळी आणि धुणीभांडी उरकली की ते काळं, साबणाचं पाणी आक्कांच्या अंगणात येऊन बसायचं. संडास-बाथरूम अंगणात. त्यांनी विटा मांडल्या होत्या, त्यांवरून तोल सावरत जायच्या. त्यात साखरेचा आजार. पायाच्या बोटाला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पाय कोरडा ठेवा, नाहीतर बोट जाईल. कोरडा कुठं ठेवायचा, डोक्यावर?

मी भिगवणच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. एसटीनं जाऊन येऊन जन्म गेला, त्यामुळं कॉलनीच्या सभांना बसायला मिळालं ते रिटायर झाल्यावरच. आक्कांना घेऊन मी सभेला गेले. बायका दोघीच, आम्ही. अध्यक्ष म्हणजे तात्या, कारखान्यातून रिटायर झालेले, बोलण्यात गोड. त्यांनी आक्कांचा पाय बघितला, हळहळले आणि आमच्या भागातून निवडून आलेल्या साहेबांना तिथल्या तिथं फोन लावला. साहेब म्हणाले, बंदिस्त गटार करून देतो. माझा जीव भांड्यात पडला.

पण तात्यांच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाले, "नुसता शब्द दिऊन मानसं इसरत्यात. आपण आदीच सत्कार करू, बोर्डच लावू. हार गळ्यात पडला की मानूस बांधला जातो. मग त्याला मागं फिरता येत न्हाय."

"तात्या, पाळणा हलायच्या आधी बारसं कशाला?" मी म्हटलं.

"वैनी, तुमाला ह्यातलं कळायचं न्हाय. ह्ये असंच करावं लागतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ही रीत आमच्याकडं खरंच आहे. आभार मानून माणसाला मिंधं करायचं. पाहुण्याकडून सोयरीक जमवून घ्यायची असली तरी आधी त्यालाच फेटा बांधतात. पाहुण्यारावळ्यांत हे चालतही असेल, कारण त्यांना पुन्हा आपल्याच दारात यायचं असतं.

सत्कार झोकात झाला. साहेबांनी नारळ फोडला, आक्कांच्या दाराशी एक कुदळ मारली, फोटो निघाले. साहेबांना ओवाळायला कोण, तर ज्यांच्या दारात पाणी त्यांनीच ओवाळावं असं ठरलं. आक्कांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पायाला फडकं. ताट घेऊन त्या इतक्या खुशीत हसल्या की मालक गेल्यापासून तसं हसताना मी त्यांना बघितलं नव्हतं. तोच फोटो बोर्डावर आला. कॉलनीच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला: बंदिस्त गटाराचे काम मार्गी लावल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार. मधे साहेब, भोवती कमिटी, कोपऱ्यात दारातल्या लिंबाच्या सावलीला ताट घेतलेल्या आक्का.

कुदळीचा तो खड्डा पुढं पाण्यानं भरला. बाकी काही झालं नाही.

वाट बघून बघून मी आक्कांना रिक्षात घालून गटाराची कामं बघणाऱ्या सरकारी कचेरीत नेलं. तिथला क्लार्क बिचारा सालस होता, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. नोंद बघितली आणि म्हणाला, "मावशी, ह्ये काम तर झालंय."

"कुठं झालंय? मी रोज बघते ना."

त्यानं मोबाइलवर आमच्या फ्लेक्सचा फोटो उघडून पुढं धरला. "तुमच्या कॉलनीनंच आभार मानल्यात. ह्यो फोटो कामासंगं जोडलाय. आन् ह्या आजी म्हंजी ह्याच की."

आक्कांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "व्हय बाबा, मीच हाय."

बाहेर आल्यावर मला इतका संताप आला की रस्त्यातच रडू फुटलं. आक्काच माझी पाठ थोपटत राहिल्या.

क्लार्कनं वाट दाखवली होती. काम झालेलं नाही असं कॉलनीनं लिहून द्यायचं, की फाईल पुन्हा उघडेल. मी तात्यांकडं गेले. ते म्हणाले, "आता आपणच म्हणायचं, काम झालं न्हाय? मग बोर्ड लावणारे आमी खोटं ठरलो की. आन् सायबांची काय शोभा राहिली?"

"आणि आक्कांचा पाय?"

"पायाचं वाईट वाटतं, वैनी. पण समदं तुटंल इतकं तानू नये."

मी अर्ज घेऊन दारोदार फिरले. सगळे मला चहा द्यायचे. कुणाच्या पोराला एमआयडीसीत चिकटवायचं होतं, कुणाच्या गावाकडच्या उसाला तोडणीची टोळी मिळत नव्हती. साहेबांच्या एका फोनवर ती कामं अडलेली. सही मात्र कुणी केली नाही. पाणी त्यांच्या दारातून खाली जात होतं, त्यांच्या दारात थांबत नव्हतं, एवढीच गोष्ट. माझी सही आणि आक्कांचा अंगठा घेऊन तो अर्ज मी दिला. दोघींच्या म्हणण्याला कॉलनीचं म्हणणं कोण म्हणणार?

आक्कांचं बोट काढावं लागलं. मग शेजारचंही काळं पडायला लागलं तेव्हा भिगवणहून लेक-जावई आले. जावयाचं हायवेला मच्छीचं छोटं हॉटेल आहे, माणूस चांगला. तरी निघताना आक्का दारात अडून बसल्या. "लेकीकडं पावनी म्हणून जावं गं, बिऱ्हाड घिऊन न्हाय," एवढंच परत परत म्हणत होत्या. जावयानं त्यांना उचलून गाडीत ठेवलं. कुलूप मी लावलं.

पुढं त्यांचा फोन यायचा. आधी विचारायच्या, गटार झालं का. मग ते विचारणं बंद झालं. परवा मात्र म्हणाल्या, "पोरी, त्यो बोर्ड हाय का गं अजून?"

"आहे, आक्का."

"मग माझं तोंड तेवडं काडाय सांग त्यावरनं. येनारंजानारं म्हनत्याल, हिला समदं करून दिलं तरी म्हातारी घर टाकून गेली."

मी कुणाला काही सांगितलं नाही. कात्री घेतली, स्टूल घेतलं, भर सकाळी माणसं दूध न्यायला बाहेर पडलेली असताना गेले आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यातून आक्कांना ताटासकट कापून घेतलं. त्या तुकड्याची गुंडाळी केली आणि घरी आले.

चहा उकळेपर्यंत ग्रुपवर मेसेज यायला लागले. कॉलनीची अब्रू घालवली. साहेबांच्या बोर्डाची विटंबना. अर्जाच्या वेळी ज्यांना चष्मा सापडत नव्हता, त्यांनी पानभर लिहिलं. तात्यांनी तातडीची सभा बोलावली. मी गेले नाही. सभेत काय ठरलं ते मला संध्याकाळी भाजीला निघाले तेव्हा कळलं.

त्याच जागेवर नवा फ्लेक्स लागला होता. पहिल्यापेक्षा मोठा. या खेपेला आक्कांना कोपऱ्यातून काढून साहेबांच्या शेजारी घेतलं होतं.