पाटावरचं दुसरं पिस्तूल

वेननं काउंटरवरच्या रबरी चटईवर तीन पिस्तुलं ओळीनं मांडली. तिन्ही नऊ एमएमची, तिन्ही रिकामी. प्रत्येकाची वरची सरकती स्लाइड मागे ओढून, आत गोळी नाही हे दाखवून, मगच त्यानं ती शंतनू खानझोडेसमोर सरकवली. ऑक्टोबरमधला बुधवार, ऑफिसच्या जेवणाची सुट्टी. दुकान टेक्सासमधल्या फ्रिस्कोपासून पंधरा मिनिटांवर, एक टायरवाला आणि एक दातांचा दवाखाना यांच्या मधे.

"हे तुमचं पहिलंच पिस्तूल की दुसरं?" वेननं विचारलं.

"दुसरं."

"सध्या काय वापरता?"

शंतनूनं मॉडेलचं नाव सांगितलं.

"चांगलं आहे. पण जाड. टेक्सासच्या उन्हाळ्यात टी-शर्टखाली वीट खोचल्यासारखं दिसतं. दुसऱ्यासाठी लोक येतात ते त्यामुळेच. आता कुठे आहे, कमरेला?"

"गाडीत."

ते गाडीत नव्हतं. बत्तीस दिवसांपूर्वी ते गाडीतूनच चोरीला गेलं होतं. ही गोष्ट शंतनूनं पोलिसांना कळवली नव्हती, आणि त्याची बायको वल्लरी हिला वाटत होतं की ते रोज संध्याकाळी घरातल्या पोलादी पेटीत जातं.

शंतनू अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. मूळचा नागपूरच्या प्रतापनगरातला, एकोणीस वर्षं अमेरिकेत, चार वर्षांपूर्वी सिटिझन झाला. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या चौदा जणांच्या टीमचा तो प्रमुख. टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तो त्याला एकच नियम सांगतो: बग दिसला की त्याच दिवशी नोंदवायचा, उद्यावर ढकलायचा नाही.

पिस्तूल त्याच्या घरात आलं ते सोन्यामुळे. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, मुलगी अनया हिच्या शाळेत व्हायोलिनचा कार्यक्रम होता. तिघं परत आली तेव्हा मागचं दार उघडं होतं. टीव्ही, लॅपटॉप जागेवर. चोरांनी तांदळाचा डबा उपडा केला होता, देवघराचा खालचा कप्पा आणि कपाटातल्या जुन्या पैठण्यांच्या घड्या उघडल्या होत्या. भारतीय घरात सोनं कुठे असतं हे त्यांना ठाऊक होतं. वल्लरीच्या आईचे तोडे आणि पोहेहार गेले. पोलिसांनी केस नंबर दिला. पुढे काही झालं नाही.

फेब्रुवारीत शंतनूनं लायसन्सचा क्लास केला आणि पिस्तूल घेतलं. वल्लरी आठवडाभर बोलली नाही. मग तिनं अट घातली.

"घरात पाय ठेवलास की आधी ते पेटीत. आणि मला खाली पेटीचा आवाज आला पाहिजे. आवाज नाही, तर पान वाढणार नाही."

पेटी बेडरूममध्ये, पलंगाशेजारी. बोटाचा ठसा घेते, एकदा पीप करते, झाकण लावताना खट्ट वाजतं. अडीच वर्षं संध्याकाळी सहाच्या सुमारास पीप, खट्ट, आणि मग खाली ताटांचा आवाज, असा क्रम चालला.

त्या घरात दसऱ्याला पाटावर शस्त्रं मांडतात. म्हणजे विळी, सुरी, लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, अनयाचं व्हायोलिन. गेल्या वर्षी शंतनूनं त्यात पिस्तूल ठेवलं, थोडं गमतीनं, थोडं तसं नाही. त्याच रस्त्यावर राहणारा राजेश सोनं द्यायला आला आणि पाट बघून दारातच थांबला.

"काय खानझोडे, शाहिस्तेखान येतोय का आपल्या कॉलनीत?"

"तुझ्या पाटावर काय आहे?"

"वायफायचा राउटर. यार, तो गेला तरच आमच्या घरात माणसं मरतात."

सगळे हसले. अनया हसली नाही. ती सोळा वर्षांची आहे. वर्षातून दोनदा शाळेत, कुणी बंदूक घेऊन शिरलं तर बाकाखाली लपायची तालीम करते.

"बाबा, यू आर पुटिंग राइस ऑन अ गन," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

वल्लरीनं अक्षता वाहिल्या आणि पिस्तुलाच्या मुठीवर अंगठ्यानं कुंकू दाबलं. मूठ खरबरीत असते, हातातून निसटू नये म्हणून बारीक खाचा असतात. कुंकू खाचांत बसलं. नागपूरहून आणलेलं, हळदीचं कुंकू. नंतर पुसून पाहिलं, पूर्ण निघालं नाही.

यंदा मराठी मंडळाचा गणपती सात सप्टेंबरला होता. नेहमीप्रमाणे शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेता येत नाही, पार्किंगमध्ये गाडीत ठेवता येतं. शंतनूनं ते समोरच्या कप्प्यात ठेवलं. कायद्यानं त्यात काही चूक नव्हती. पण त्या गाडीत मंडळाचं मखरही होतं, दोन स्पीकर होते, लेझीमचं खोकं होतं. सकाळी दहापासून "काका, किल्ली द्या ना, मखराचा मागचा भाग राहिलाय," असं म्हणत कार्यकर्ते येत होते. किल्ली मंडळाची सेक्रेटरी सावनीकडे गेली, तिच्याकडून आणखी कुणाकडे, आणि दुपारी पोह्यांच्या टेबलावर सापडली. गाडी चार तास उघडी होती. आपल्याच माणसांत होती, म्हणून कुणाच्या मनात काही आलं नाही.

आरतीच्या आधी शंतनू कापूर आणायला गाडीकडे गेला. कप्पा उघडा होता. चार्जरची वायर आणि सुटी नाणी तशीच. कापूरही तसाच.

तो कापूर घेऊन आत आला. आत साडेतीनशे माणसं होती. पोलिसांना फोन केला असता तर गाड्या शाळेच्या आवारात आल्या असत्या, आणि मंडळाला पुढच्या वर्षी सभागृह मिळालं नसतं. वल्लरी कमिटीत होती. ती मंचावर होती, हातात तबक. उद्या कळवू, असं त्यानं ठरवलं. रविवारी विसर्जन होतं. सोमवारी ऑफिस होतं. चोरीला गेलेलं पिस्तूल कळवायलाच हवं, असा टेक्सासमध्ये कायदा नाही. हे त्यानं सोमवारी शोधून काढलं आणि त्यानंतर शोधणं थांबवलं.

गणपतीच्या त्या शनिवारी घरी आल्यावर तो वर गेला, रिकाम्या पेटीवर बोट ठेवलं. पीप. झाकण लावलं. खट्ट. खालून वल्लरी म्हणाली, "ये, वाढलंय."

असं बत्तीस दिवस.

मधल्या दोन रविवारी त्यानं दुसऱ्या पिस्तुलाचा तक्ता केला. रुंदी, वजन, गोळ्या किती, ट्रिगर किती जड, करंगळी मुठीवर टेकते की खाली लोंबते. त्याला खरोखरच लहान पिस्तूल हवं होतं, असं की गाडीत काढून ठेवायची वेळच येऊ नये. तक्त्यात एक रकाना होता, "कारसेफ, केबलसह," म्हणजे गाडीत केबलनं बांधायची कुलूपपेटी. पहिल्या वेळी तो रकाना नव्हता. वल्लरीला सांगायचं काय, तेही ठरलं होतं: जुनं जाड वाटत होतं, विकलं, बदललं. फक्त धीर होत नव्हता.

मग मंगळवारी संध्याकाळी ती म्हणाली, "शनिवारी दसरा आहे. तुझं ते काढून ठेव, पाटावर मांडायचंय. अनयाला वाईट वाटेल, पण एकदा सुरू केलेलं मोडायचं नाही."

बुधवारी तो वेनच्या दुकानात उभा होता.

वेननं मधलं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. जेमतेम इंचभर रुंद. मूठ आखूड, तरी करंगळी नीट बसली.

"लहान पिस्तूल झटका जास्त देतं," वेन म्हणाला. "पण हे सांभाळता येतं. खिशाबाहेर दिसत नाही, बसताना टोचत नाही. घरी विसरून येणार नाही तुम्ही. जे घरी राहतं ते कामाचं नाही."

तक्त्यातही हेच पहिलं आलं होतं. शंतनूनं ते दोनदा उचललं, दोनदा ठेवलं.

"माझं जे आहे," तो म्हणाला, "अगदी तेच आहे का तुमच्याकडे? तेच मॉडेल, काळं?"

वेननं त्याच्याकडे पाहिलं. "सारखी दोन?"

"हो."

"माणसाला आपली आवड कळलेली बरी," वेन म्हणाला आणि खालच्या कपाटातून खोकं काढलं. लायसन्स असल्यामुळे फॉर्म भरून वीस मिनिटांत काम झालं.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सगळ्यात लांबच्या ओळीत, शंतनूनं गाडी लावली. सकाळी देवघरातून घेतलेलं कुंकू औषधाच्या रिकाम्या डबीत होतं. जुना टूथब्रश होता. मुठीच्या खाचांत त्यानं कुंकू भरलं, ब्रशनं घासलं, ओल्या कागदानं पुसलं, पुन्हा भरलं. एका बाजूला जास्त झालं म्हणून थोडं टोकरून काढलं. मागच्या वर्षीचं दिसायला हवं होतं. पंचवीस मिनिटं लागली. एकची मीटिंग चुकली.

शनिवारी पाट मांडला. अनया खाली आली नाही, वरूनच हॅपी दसरा म्हणाली. वल्लरीनं पिस्तूल वळवून पाहिलं.

"बघ, गेल्या वर्षीचं अजून आहे," ती म्हणाली. तिनं मुठीला हात लावला नाही, स्लाइडवर फक्त एक टिकली लावली. आपट्याऐवजी तशाच दिसणाऱ्या रेडबड झाडाची पानं वाटली. शंतनूनं दोनदा श्रीखंड घेतलं. प्रकरण मिटलं, असं त्या दिवशी त्याला वाटलं होतं.

अकरा दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, शेजारच्या शहराच्या पोलिसांतली हॉल नावाची डिटेक्टिव्ह दारात आली. तिच्यासोबत एक तरुण सहकारी होता, तो शेवटपर्यंत बोलला नाही. हॉलच्या कागदावर एका पिस्तुलाचा नंबर होता. त्या पिस्तुलानं एका बाईला मारलं होतं आणि कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या नोंदींत शेवटचं नाव शंतनूचं होतं.

दार वल्लरीनं उघडलं होतं.

"तुमची काहीतरी चूक होतेय," ती म्हणाली. "यांचं पिस्तूल वर आहे. परवाच मी त्याची पूजा केली. शंतनू, दाखव ना यांना."

शंतनूला तिथेच सांगता आलं असतं. तो जिना चढला. बाकीचे मागून गेले. पेटीवर बोट ठेवलं, पीप झालं. हॉलनं हातमोजे घालून पिस्तूल उचललं, नंबर वाचला, कागद पाहिला.

"हे वेगळं आहे. हे कधी घेतलं?"

"नऊ ऑक्टोबर."

"आणि आधीचं?"

"सात सप्टेंबरला चोरीला गेलं. गाडीतून."

"कळवलं होतं?"

"नाही."

हॉलनं लिहून घेतलं. मग ती आवाज न बदलता बोलली. एकोणीस सप्टेंबरला मागचा दिवा फुटला म्हणून एका गाडीला पोलिसानं थांबवलं. सीटवर पिस्तूल होतं. पोलिसानं नंबर तपासला. चोरीच्या यादीत नव्हता, आणि गाडीत नुसतं पिस्तूल असणं इथे गुन्हा नाही. पिस्तूल परत दिलं. बावीस तारखेला, रविवारी दुपारी, एका लाँड्रीत गल्ल्यावरच्या बाईवर तेच चाललं. तिचं नाव मारिसोल, वय चौतीस.

शंतनू पेटीच्या झाकणाकडे बघत होता.

"आणखी एक," हॉल म्हणाली. तिनं फोनवर फोटो दाखवला. पिस्तुलाची मूठ, खाचांत लाल. "लॅबला आधी रक्त वाटलं. रक्त नाही. हळद सापडली. आम्हाला उलगडा होईना."

"कुंकू," वल्लरी म्हणाली. "ते मी लावलंय. गेल्या वर्षी."

"कशासाठी?"

"वर्षातून एकदा घरातल्या हत्यारांची पूजा करतो आम्ही."

हॉल लिहीत होती तेवढ्यात वल्लरीनं पलंगावर ठेवलेल्या पिस्तुलाकडे पाहिलं. स्लाइडवर तिची टिकली होती. मुठीच्या खाचांतही लाल होतं.

"यंदा मी मुठीला हात लावला नव्हता," ती मराठीत म्हणाली. "हे कुणी भरलं?"

"मी."

"आणि गणपतीपासून रोज पेटी वाजवत होतास, ती?"

"रिकामी होती."

तिनं दिवस विचारले नाहीत. ते तिनं स्वतः मोजले असावेत, कारण नंतर एकदा राजेशच्या बायकोशी बोलताना तिनं बत्तीस हा आकडा बरोबर सांगितला.

शंतनूवर कोणताही गुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं चोरीची तक्रार नोंदवली. फॉर्मवर दोन रकाने शेजारी आहेत, घटनेची तारीख आणि नोंदणीची तारीख. दोन्हींत सत्तेचाळीस दिवसांचं अंतर आहे. कारकुनानं विचारलं, तारीख नक्की सप्टेंबरच ना? तो हो म्हणाला. पिस्तूल परत घ्याल का, म्हणून त्यानं वेनला फोन केला. वेन आनंदानं तयार होता, म्हणाला, वापरलेलीही दोन दिवसांत जातात. त्यानंतर शंतनू तिकडे गेला नाही.

अनयानं मारिसोलचं नाव इंटरनेटवर शोधलं. लाँड्रीच्या दारासमोर ठेवलेल्या फुलांचा फोटो आहे, तो तिनं वडिलांना पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

दुसरं पिस्तूल पेटीत आहे. शंतनू ते नेत नाही, विकत नाही. सहा वाजता तो घरी येतो. सवयीनं वर जातो, कधी पेटी उघडून बघतो, कधी नाही. पीप होवो न होवो, वल्लरी वेळ झाली की पानं मांडते आणि अनयाला हाक मारते. पूर्वी वरून खट्ट ऐकू येईपर्यंत तिचा हात भाताच्या डावावर थांबायचा. आता थांबत नाही.