सज्ज्याखालचे दोन खांब

कुणाच्याही घरी गेल्यावर माणसांआधी छताला रामराम करणारा मनुष्य साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात. भाटवे दारात उभे राहून मान वर करतात, स्लॅब या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळतात, बोटाने भिंत ठोकून पाहतात, आणि मगच चपला काढतात. लग्नात अक्षता टाकताना त्यांची नजर मांडवाच्या खांबांवर असते, त्यामुळे त्यांच्या अक्षता नवरदेवाला कधीच लागत नाहीत, बँडवाल्यांना लागतात. एकदा आम्ही एका ओळखीच्यांकडे मयतीला गेलो होतो. वरच्या मजल्यावर रडारड चाललेली, आणि भाटवे माझ्या कानाशी लागून म्हणतात, "जिना पाह्यला का? माणूस आडवा करून खाली आणताच येत नाही. घर बांधतानी जित्याचा अन् मेल्याचा, दोघाइचा विचार कराव." मी त्यांना चूप बसायला सांगितले. पण देह खाली आणताना वळणावर सगळे अडले, तेव्हा कुणी कुठे धरायचे हे त्यांनीच सांगितले, आणि घरच्या मोठ्या मुलाने नंतर त्यांचे हात धरले.

असा मनुष्य स्वतःच्या घरात काय दिवे लावत असेल, असे कुणालाही वाटेल. दिवे आहेत, बाकी बरेच नाही. कोणत्याच मिस्त्रीचे काम त्यांच्या पसंतीस उतरत नसल्यामुळे त्यांचे घर गेली कित्येक वर्षे 'होऊन राहिले' आहे. गच्चीवर उभ्या ठेवलेल्या सळ्यांना ताई दोरी बांधून साड्या वाळवते. "साऱ्या गावाचं घर पाह्यते हा माणूस," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "अन् माह्या न्हाणीले अजून दार नाही."

हे भाटवे एकदा नगरपंचायतीत निवडून आले आणि बांधकाम समितीचे सभापती झाले. बेडकाला तलाव मिळाला. त्याच सुमारास घरबांधणीच्या परवानगीचा नवा कायदा आला. अर्ज ऑनलाइन करायचा, आणि नगरपंचायतीने मुदतीत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असेच समजायचे. कायदा आला, पण त्याच्याबरोबर ना माणूस आला ना पैसा. आमच्या बांधकाम विभागात तेव्हा एक टेबल होते, एक बंद पडलेला कॉम्प्युटर होता, आणि दुसऱ्या गावाचाही कारभार पाहणारा एक इंजिनिअर होता, जो आला की लोक एकमेकांना फोन करून सांगत. त्यामुळे सदस्यांना हा कायदा म्हणजे दिवाळीच वाटली. आपण काहीच केले नाही तरी परवानगी आपोआप मिळते, मग विभागावर खर्च कशाला? परवानगीसाठी लोक जे शुल्क भरतात, त्यातून गावाच्या वेशीवर एक झकास स्वागत कमान बांधावी असे सर्वांचे मत पडले. कमानीवर कुणाकुणाची नावे कोरायची यावर चर्चाही सुरू झाली.

त्या सभेत भाटवे उठले. ते भाषण करत नाहीत, वाद घालतात. "आपल्या तलावावर पाणकर असते का नाही?" त्यांनी विचारले. सारे धानवाले, तलावाचे पाणी प्रत्येकाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणकऱ्यानेच सोडायचे हे जाणणारे; सगळ्यांनी माना डोलावल्या. "तलावाचं पाणी त सर्वाइचंच हाय. दार उघडलं का आपोआप वाहते. मंग पाणकर कायले ठेवता? कोणाची बांधी कोरडी राह्यली, कोणाची फुटली, हे पाहाले ठेवता. अन् त्याले धान कोण देते? ज्याच्या बांधीत पाणी गेलं तोच देते, आपल्या खळ्यावरून. आजवर कोणी त्या धानाची कमान बांधली का?"

सभेत कुणीतरी हसले, मग बरेच जण हसले. पाणकऱ्याच्या वाट्याला हात लावणे आमच्याकडे शोभत नाही. परवानगीचे शुल्क बांधकाम विभागासाठीच वापरायचे असा ठराव झाला. त्यातून नवा कॉम्प्युटर आला, जागेवर जाऊन पाहणी करायला एक स्कूटर आली, आणि करडी गावाकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी कंत्राटावर रुजू झाली. तिला सारे मॅडम म्हणू लागले. कमान मात्र कागदावरच राहिली, आणि वेशीतून आत येणारा प्रत्येक जण भाटव्यांच्या नावाने बोटे मोडू लागला.

त्यात एक मीही होतो, कारण त्याच वर्षी मला सज्जा काढायचा होता. दिवाळीनंतर आमच्या गावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघरी पाहुणे येतात, भर दुपारी रस्त्यात दंडार, म्हणजे ढोलकीवरचे नाचगाण्याचे नाटक, रंगते, आणि सोयरिकीच्या अर्ध्या गोष्टी याच दिवसांत ठरतात. माझ्या पोरीला पाहायला कोंढ्याचे पाहुणे मंडईलाच येणार होते. आमचे घर ऐन रस्त्यावर. वरच्या मजल्याला ऐसपैस सज्जा असावा, पाहुण्यांनी तिथे बसून दंडार पाहावी, असे माझ्या मनात होते. मी अर्ज टाकला आणि निर्धास्त झालो. एक तर सभापती घरचे, दुसरे म्हणजे उत्तर कधीच येत नाही आणि मुदत संपते, हा गावाचा अनुभव.

पण मुदतीच्या आतच मॅडम स्कूटरवरून दारात हजर. भाटव्यांनी तिला म्हणे सांगून ठेवले होते, "माह्या साल्याची फाइल सर्वात आधी पाहा, अन् कडक पाहा. नाहीतर लोक म्हणतीन, सभापतीनं घरच्याले सोडलं." सज्जा ज्या जुन्या तुळईवर तोलणार होता, तिचा थोडा भाग मॅडमने मिस्त्रीला फोडायला लावला. आत लोखंड नव्हतेच म्हणा ना, नुसता गंज होता. मिस्त्रीने बोट लावले तर पापुद्रे हातात आले. मॅडमने अर्ज परत केला: सज्ज्याची रुंदी कमी करा, खालून दोन खांब घ्या, मगच परवानगी.

मी तडक भाटव्यांकडे गेलो. "भाटवे, पोरीचे पाहुणे येऊन राहिले, अन् तुम्ही मले खांब सांगून राहिले?"

"पाहुणे येऊन राहिले म्हणूनच सांगून राहिलो," ते म्हणाले, आणि बसल्या बसल्या माझ्या खुर्चीचा पाय हलवून पाहू लागले.

मी चिडत, कुरकुरत खांब उभे केले. मंडईच्या आदल्या आठवड्यात सज्जा पुरा झाला. मधल्या काळात निवडणूक झाली आणि कमानीचे वचन देणारा माणूस भाटव्यांच्या जागी निवडून आला. विभागाचा ठराव तेवढा टिकला. भाटवे मात्र घरी बसले, आणि त्यांना ते जड गेले. ताई सांगायची, रोज सकाळी शर्ट घालून तयार होतात आणि मग अंगणातच फेऱ्या मारतात.

मंडईच्या दिवशी माझ्या सज्ज्यावर मी योजलेली माणसे तर चढलीच, न योजलेलीही चढली. कोंढ्याचे पाहुणे, त्यांच्याबरोबरचे लोक, शेजारपाजार, कुणाच्या कडेवर मुले. ढोलकी वाजू लागली तसे सगळे कठड्याकडे सरकले, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो गंज आला. सज्जा हलला नाही. केसभरही नाही.

खाली वाकून पाहिले तर भाटवे दोन खांबांच्या मधोमध उभे, दंडारीकडे पाठ करून. मी धावत खाली गेलो.

"वर चला ना भाटवे. तुमच्यामुळं आज माह्या घरची सारी माणसं सुखरूप हायत. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"माह्ये कायचे? मॅडमनं पाह्यलं." त्यांनी खांबावर हात ठेवला. "तू जाय वर. मी इथी बरा."

"आता तुम्ही सभापती नाही. कोणी सांगितलं इथं उभं राहाले?"

"सभापती होतो तवा सही करून घरी जात होतो," ते म्हणाले. "आता कोठी घाई हाय?"

मी वर गेलो नाही, त्यांच्या शेजारीच उभा राहिलो. तिथून दंडार दिसत नव्हती, नुसती ढोलकी ऐकू येत होती, आणि डोक्यावर ताल धरणारी पावले. त्यांत माझ्या पोरीचीही होती.